माल्टा, रोज एक पान

आमची माल्टाची तिकिटं रद्द करून मुलाने उर्मिलेला त्याच्याकडे सिंगापूरच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा.

ती मला म्हणाली, "अहो, निदान वाचून तरी दाखवा. माल्टा पुरतं बघितल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही."

मी लायब्ररीतून माल्टाच्या प्रवासाचं एक पातळसं पुस्तक आणलं आणि तिचा शब्द धरून बसलो. रोज एकच पान वाचायचं. वॅलेटाचे बुरूज झाले, गोझो बेट झालं, मग चर्चमागून चर्च.

"पुरे झाली देवळं. चहा कुठे मिळतो ते वाचा," ती म्हणायची.

एकविसाव्या दिवशी पुस्तक संपलं. जन्मभर मी नुसतं वाचत आलो, एक ओळ कधी लिहिली नाही. तरी पुस्तक उघडं धरून मी नसलेली गावं सांगू लागलो. तिच्या कळा वाढत होत्या आणि मी किनारे वाढवत होतो.

काल तिने पुस्तकावर हात ठेवला. "हे गाव यात नाही ना?"

मी मान खाली घातली.

"छान रचता हो. पण मी फार दमले. मी पुढे होते, तुम्ही सावकाश सगळं बघून या."