मासवणची ठमी

"अशी स्त्री शंभर वर्षांतून एकदाच जन्माला येते!" चंद्रभानराव माइकवर गरजले. "मासवणच्या ठमीताईंनी व्यासपीठावर यावं!"

तिसऱ्या रांगेतून तिघी उठल्या.

सुरू झालेल्या टाळ्या मधेच अडखळल्या. चंद्रभानरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी तिघीच.

वीज प्रकल्पातून निवृत्त झाल्यापासून चंद्रभानराव बोईसरच्या आपल्या घरी रोज सकाळी कात्री घेऊन वर्तमानपत्र वाचत. जिल्ह्यात कुणी काही थोर केलं, की ते कापून वहीत चिकटवायचं आणि वर्षअखेरीला पालघरात त्या माणसाचा सत्कार करायचा, असा नेम. यंदा वहीत तीन कात्रणं होती. मासवणच्या ठमीने बेचाळीस किलोमीटरची शर्यत जिंकली. मासवणची ठमी डॉक्टर झाली. मासवणच्या ठमीने सूर्या नदीच्या पुरातून नऊ माणसं बाहेर काढली. आडनाव एकाही बातमीत नव्हतं. त्या जागेवर शेजारची सोफासेटची जाहिरात सरकली असावी. तिन्ही कात्रणं एकाखाली एक चिकटवून चंद्रभानराव आठवडाभर भारावून हिंडले. बायको म्हणाली, "अहो, पण ही झोपते कधी?" ते म्हणाले, "थोर माणसं झोपत नाहीत."

मानपत्रात तिन्ही पराक्रम एकीच्याच नावावर छापले होते. शाल एक. खुर्चीही एकच.

सत्कार समितीच्या अध्यक्ष राजनंदिनीताई शेजारी बसल्या होत्या. गेल्या वर्षी चंद्रभानरावांनी एका गृहस्थांना मरणोत्तर पुरस्कार जाहीर केला होता आणि तो घ्यायला ते गृहस्थ स्वतः आले होते. ताईंनी तेव्हाच बजावलं होतं, "पुन्हा घोटाळा झाला, तर माइक सोडायचा. कायमचा." आता त्यांनी माइकसाठी फक्त हात पुढे केला.

निवृत्तीत त्या माइकवाचून चंद्रभानरावांना दुसरं होतं काय?

"एक मिनिट, ताई," ते पुटपुटले आणि तिघींकडे वळले. "तुमच्यातली खरी ठमी कोण?"

"आमी तिगी पन खऱ्याच," धावपटू म्हणाली. "पन सत्काराचं पत्र हिचं हाय. डाक्टरीण ना ती! मी तं टाळ्या वाजवाया उठले."

"माझं नाही हो," डॉक्टर म्हणाली. "मला वाटलं, पुरातून माणसं काढली तिचं."

"माजं कसलं?" तिसरी पदराआड लाजली. "मला पवता येतं, तं पवले. मानसा बुडताना बसून बघू काय? पत्र शर्यतवालीचंच."

नुसतं 'मासवणच्या ठमीताई' एवढंच नाव असलेलं एकच पत्र पाड्यात सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं आणि प्रत्येक ठमीने ते मनोमन दुसरीला देऊन टाकलं होतं. दुसरीचा सत्कार बघायला म्हणून दोन टेम्पो भरून माणसं पालघरला आली होती.

"पण एका ठिकाणी इतक्या ठमी कशा?" चंद्रभानरावांचा आवाज खाली आला होता.

डॉक्टरने मागे बोट दाखवलं. दाराशी भिंतीला टेकून, खुर्च्या सोडून जमिनीवर एक म्हातारी बसली होती.

"ती आमची आजी. सुईण. तेव्हा रस्ता नव्हता. मनोरचा दवाखाना गाठेपर्यंत बाई वाटेतच जायची. म्हणून कुणी अडली, की हिला बोलवायचे. आई वाचली, लेक वाचली, की लेकीला हिचं नाव. आमच्या चार पाड्यांत रीतच पडलीय ती. मी पायाळू होते, काका. ही धावणारी जन्मली तीच निळी पडली होती. आणि या पोहणारीच्या गळ्याभोवती नाळ, दोन वेढे."

"आणि मुलगा झाला तर?"

"ठम्या. बाहेर टेम्पोपाशी उभा आहे."



चंद्रभानराव स्वतः खाली गेले. म्हातारीचा हात धरून तिला घेऊन आले. चार पायऱ्या चढायला तिला चांगला वेळ लागला आणि तेवढा वेळ अख्खं सभागृह पंख्यांचा आवाज ऐकत बसलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, शाल घातली आणि मानपत्र वाचायला घेतलं. शर्यत, डॉक्टरकी, पूर, सगळं एकीच्या नावावर. एक अक्षरही बदलावं लागलं नाही. वाचताना मात्र दोनदा थांबावं लागलं.

राजनंदिनीताईंचा हात अजून पुढेच होता.

"आजी, दोन शब्द बोला," म्हणत चंद्रभानरावांनी माइक म्हातारीच्या तोंडाशी धरला. तिने तो वासराचं तोंड बघावं तसा उलटसुलट न्याहाळला.

"ठमे," ती म्हणाली, "वाईच पानी दे गं."

खुर्च्या वाजल्या. खिडकीजवळची दोन वेण्यांची मुलगी उठली. कडेवर पोर घेतलेली बाई उठली. तिच्या मागची पांढऱ्या केसांची उठली. मधल्या रांगांतून, शेवटच्या रांगेतून उठतच राहिल्या. बंदोबस्ताला दारावर उभी असलेली हवालदारीण काठी भिंतीला लावून पुढे आली. चंद्रभानराव मोजत होते. एकतिसाव्या ठमीला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मोजणी चुकली. राजनंदिनीताईंचा पुढे आलेला हात हळूच दुसऱ्या हाताला जाऊन जुळला.

म्हातारीने चंद्रभानरावांची बाही ओढली.

"बाबा, तुज्या हातात तो भोंगा हाय ना? एकीलाच ये म्हनावं. बाकीच्यांना बसाया सांग."