आवाज नीट आला नाही
धुक्यात धावपट्टीचं दुसरं टोक बुडालं होतं आणि वर घिरट्या घालणारं विमान माझा नवरा स्टीवन चालवत होता. वसई कोर्टात त्यानं लिहून दिलंय, ‘मर्सी निष्काळजी आहे, बाळ माझ्याकडे द्या.’ बाळ भुईगावला आजीकडे. इथे विमानांना उतरायची परवानगी देणाऱ्या टॉवरमध्ये माझ्या छातीत दूध दाटलेलं. रेडिओ खरखरला. “मर्सी, दिसतंय त्याहून थोडं जास्त सांग ना, उतरतो.” “नाही. आठशे मीटरच दिसतंय, उतरायला कमी आहे.” तो हसला. “तू काय बदलायची नाहीस! म्हणून तर तुझ्या शब्दावर डोळे झाकून उतरतो. तुझ्याइतकं काळजीनं कोण बघतं?” इथलं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होतं, हे तो विसरला. “आवाज नीट आला नाही,” मी म्हटलं. “पुन्हा सांगा.” त्यानं तेच कौतुक मोठ्यानं सांगितलं. “आता स्पष्ट आलं. हे रेकॉर्डिंग माझी वकील कोर्टात ऐकवेल. धुकं आहे, कॅप्टन. घाला घिरट्या.”