वाळूचे तीन कॅनव्हास

“यातलं झालेलं कुठलं?” गॅलरीवाल्या बाईंनी विचारलं.

भिंतीला तीन कॅनव्हास टेकवलेले होते. तिन्ही एका मापाचे, तिन्ही वाळूच्या रंगाचे, तिन्हींवर दुसरं काहीही नाही. पाच चित्रं खाली टेम्पोत चढली होती. सहावं नसेल तर दालन दुसऱ्या चित्रकाराला जाणार होतं.

चित्रकाराच्या मुलीने तिन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. चित्रं बाहेर काढायला वाट हवी म्हणून सकाळी तिनेच ईझलवरचा कॅनव्हास उचलून बाकीच्या दोन्हींशेजारी ठेवला होता. ते दोन कोरे, वाळूच्या रंगाचा नुसता पहिला थर, अस्तर, दिलेले. दुखण्यानंतर बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून अस्तराचं काम तिच्याकडे आलं होतं. ईझलवरचाही तिला तसाच वाटला.

“अगं, ते झालं होतं,” बाबा म्हणाले.

“त्यावर काही नव्हतं, बाबा.”

“वर नव्हतं.”

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने नजर चुकवली. कालच भाऊ फोनवर म्हणाला होता, बाबांकडून आता काही होणार नाही, चारचौघांत त्यांचं हसं करू नकोस.

मग तिला आठवलं. बाबांच्या वाळवंटाच्या चित्रांतली झुडपं दिसायला वीतभर, खुरटी. पण प्रत्येकाचं मूळ ते आधी रंगवत, सुरीने, जाडजूड. त्यावर वाळू चढवत. झुडूप सगळ्यात शेवटी. चित्र विकत घेणाऱ्याला मूळ कधी दिसत नसे. त्याला कशाला दिसायला हवं, ते म्हणत, जगायचंय झुडपाला.

“थांबा मॅडम, हाताला कळेल.”

तिने पहिल्या कॅनव्हासवर तळवा फिरवला. वाळूखाली बोटाएवढा उंचवटा लागला, सरळ खाली जाणारा.

“हेच!”

खात्री करावी म्हणून तिने दुसऱ्यावर हात ठेवला. तिथेही उंचवटा. तिसऱ्यावरही, त्याला तर फाटे फुटले होते.

तिने कोपऱ्यात पाहिलं. काल अर्धा उरलेला वाळूच्या रंगाचा डबा आता तळापर्यंत खरवडलेला होता. बाबांची डावी बाही कोपरापर्यंत त्याच रंगाने कडक झाली होती.

“बाबा, तिन्हींत मुळं आहेत.”

“असणारच.”

“मग झालेलं कुठलं?”

बाबा उठले. पहिल्याकडे बोट केलं, मागे घेतलं. तिसऱ्याकडे केलं, मागे घेतलं. मुलीकडे असं पाहिलं, जणू उत्तर तिच्याकडे ठेवायला दिलं होतं.

“एक झालंय, एवढं नक्की,” ते म्हणाले. “उगवलं की कळेल.”

“सर, उद्या उद्घाटन आहे.”

“उद्या? एवढ्यात कसं उगवेल?”

मुलीला हसावं की रडावं कळेना. बाईंनी चष्मा वर सरकवला, मधल्या कॅनव्हासवर स्वतःचा हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

“तिन्ही नेते,” त्या म्हणाल्या.

टेम्पोवाला वर आला. त्याने सवयीप्रमाणे पहिला कॅनव्हास काखेत आडवा मारला.

“अहो, सरळ धरा!” बाई ओरडल्या. “मुळं खाली राहू द्यात.”