रिकामा मेसेज

"हा रिकामा मेसेज आपोआप जातोय," खुर्चीसकट तिच्या टेबलाशी सरकत शंकासूर म्हणाला. "ॲप सुरू झालं की यादीत सगळ्यात वर जो असेल त्याला. आत काही नाही, नुसता पांढरा चौकोन."

शंकासूर म्हणजे टीममधला टेस्टर. सुरळीत चाललेल्या गोष्टीत खोट काढायचा त्याला पगार मिळायचा आणि तो इमानेइतबारे कमवायचा.

"सगळ्यांकडे होतंय?" तिने विचारलं.

"काहींकडे रोज, काहींकडे कधीतरी. एका गृहस्थांचा घरमालकाला जातोय. तो म्हणतो, बोलायचं असेल तर बोला."

साहेबांचं फर्मान निघालं. शुक्रवारच्या व्हर्जनमध्ये ॲप झटपट उघडलं पाहिजे, वजनाने हलकं झालं पाहिजे आणि हा घोळ मिटलाच पाहिजे. काम तिच्या गळ्यात पडलं. ते योग्यच होतं, कारण ॲप लवकर उघडावं म्हणून मागे तिनेच कोडमध्ये एक आडवाट काढली होती आणि घोळ नेमका तिथेच होता. दुपारपर्यंत तिने तो निस्तरला.

संध्याकाळी ती आत्याकडे गेली. आत्या कॉम्प्युटरपुढे बसली होती. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"तुझ्या बाबाचा आला बघ आजचा."

पडद्यावर पांढरे चौकोन होते. एकाखाली एक, वर सरकवत नेले तरी संपेनात. एकातही अक्षर नव्हतं.

हा तोच घोळ, तिने दुपारीच निस्तरलेला.

बाबा आणि आत्या ही सख्खी भावंडं, पण आजी गेल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हती. ऑपरेशन करायचं हे बाबांनी एकट्याने ठरवलं. आजी टेबलावरून परत आली नाही. "मला एका शब्दाने विचारलं नाहीस," एवढंच आत्या म्हणाली होती. तेव्हापासून बाबांपुढे तिचं नाव काढायची सोय नव्हती. बाबांच्या ॲपमध्ये आत्याला यादीत सगळ्यात वर ठेवलं होतं ते लेकीने, म्हणजे तिनेच, भांडणाच्या आधी. ते काढायचं कसं हे बाबांना कळलं नसणार.

"रोज सकाळी येतो," आत्या म्हणाली. "मधूनमधून दोन-दोन येतात. त्या दिवशी त्याला जरा जास्त आठवण येत असेल."

"तू काय उत्तर देतेस?"

"काही नाही. तो हट्टी, तर मी त्याचीच बहीण." आत्याने पदराने पडदा पुसला. त्यावर धूळ नव्हती. "पण रविवारी दोन ओळी लिहीन म्हणते. पहिलं पाऊल दादाने टाकलंय, मग मला कसला कमीपणा? रोजचा हा येतोय तोवर लिहून टाकावं. थांबला की माझा धीर नाही व्हायचा."

खरं सांगायला तिने तोंड उघडलं आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. म्हणाली, "हे व्हर्जन सोमवारी सोडलं तर?"

"काही बिघडलंय का?"

"नाही."

"मग शुक्रवारी."

जागेवर येऊन तिने कोड उघडला. दुरुस्तीतून बाबांचं खातं वगळणारी एकच ओळ लिहायची होती. लिहिली आणि ती तिच्याकडे बघत बसली.

"ती ओळ खोड," मागून शंकासूर म्हणाला. "कोडात नातीगोती घुसवायची नाहीत."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा आडवा प्रश्न विचारेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसती पेन्सिल टेबलावर वाजवली.

"कीबोर्डवरची लांब पट्टी एकदा दाबायची आणि एंटर मारायचं," तो म्हणाला. "रिकामा मेसेज अजूनही जातो. हाताने पाठवलेला बंद करा असं साहेब म्हणालेले नाहीत. आणि बाबांचा कॉम्प्युटर तुझ्याच घरात आहे ना?"

तिने ओळ खोडली.

शुक्रवारी व्हर्जन सुटलं. बाबांच्या कॉम्प्युटरवर ते तिनेच चढवलं. बाबा मागे उभे राहून बघत होते.

"आता काय नवीन?"

"लवकर उघडतं. आणि थोडी साफसफाई केली आहे."

"चाललेल्या गोष्टीला हात कशाला लावता तुम्ही लोक," असं पुटपुटत ते झोपायला गेले.

रात्रभर तिला नीट झोप आली नाही. हे फसवणं आहे हे तिला कळत होतं. पण शनिवारचा आणि रविवारचा असे दोन मेसेज गेले की आत्या लिहिणार होती. खऱ्या दोन ओळी आल्या की बाबांना उत्तर द्यावंच लागलं असतं. मग तिचे चौकोन कुणाच्या लक्षातही राहिले नसते. चोरी ती चोरी, पण घरातल्या घरात.

बाबा उठायच्या आधी उरकावं म्हणून ती पाऊल न वाजवता बाहेरच्या खोलीत आली.

कॉम्प्युटर सुरू होता. बाबा खुर्चीत बसले होते, अंगावर शाल, नाकावर चष्मा. आत्याची खिडकी उघडी होती. त्यांनी केसांवरून हात फिरवला, कुणाच्या दारात उभं राहण्याआधी फिरवावा तसा. मग अंगठ्याने लांब पट्टी दाबली आणि एंटर मारलं. पांढरा चौकोन वर गेला.

दाराची कडी वाजली तशी त्यांनी मान वळवली.

"हे तुमचं नवीन बरं आहे," ते म्हणाले आणि चष्मा काढून शालीने पुसू लागले. "आधीचं मधूनच स्वतःचा एक जास्तीचा पाठवायचं. तिला वाटत असेल, मी फारच विरघळलोय."