उन्हाळी कोल्हा

संग्रहालयातल्या टुंड्राच्या काचपेटीत पेंढा भरलेला पांढराशुभ्र कोल्हा तीस वर्षं उभा आहे. पुसतो मी, मिरवतात साहेब.

यंदा उन्हाळा लागला आणि कोल्हा तपकिरी झाला.

साहेब कडाडले, “कोणी रंगवला? खरं बोल, नाहीतर आजपासून घरी बसशील!”

“साहेब, टुंड्रातले कोल्हे उन्हाळ्यात रंग बदलतात. पाटीवर तुम्हीच लिहिलंय.”

“जिवंत कोल्हे, गाढवा! याच्या पोटात पेंढा आहे!”

पोटावर पाय देणाऱ्याची भीड मी का बाळगू? मी काच सरकवली. “रंग असेल तर हाताला लागेल. चोळून बघा.”

साहेबांनी खांद्यापर्यंत हात घालून कोल्ह्याची पाठ खसाखसा चोळली. रंग लागला नाही, केस तेवढे हाताला चिकटले.

“साहेब, आता ओरडू नका,” मी हळूच म्हणालो. “त्याने कान टवकारलेत.”