खांदे चुकलेत

"ताई, तुमचे खांदे चुकलेत," ट्रायल रूममधला आवाज गोड सुरात म्हणाला. "बाहेर इंजेक्शनच्या रांगेत उभ्या राहा. घटकाभरात या मीडियम कुर्त्यात बसाल."

हेमांगीचं डोकंच फिरलं. दिवाळीत याच दुकानात, दुसऱ्या कंपनीच्या मीडियमसाठी, तिने हेच खांदे इंजेक्शनने रुंद करून घेतले होते. त्याआधी लग्नसराईत अरुंद. दोन्ही वेळा हाडं इतकी ठणकली, की लेकीला कडेवर घेता येईना.

"मीडियम म्हणजे नक्की किती रे बाबा?"

"कंपनी ठरवेल तितकं, ताई."

पातळ भिंतीपलीकडे, पुरुषांच्या ट्रायल रूममध्ये, तिचा नवरा श्रीरंग पोटावर बटण लागेना म्हणून कुरकुरत होता.

"माफ करा साहेब, शर्ट चुकलाय," तोच गोड आवाज त्याला म्हणाला. "आत्ता सैल करतो."

हेमांगी त्या आवळ कुर्त्यातच तरातरा बाहेर आली, श्रीरंगला बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि स्वतः आत जाऊन उभी राहिली.

"माफ करा साहेब, कुर्ता खांद्यात आवळतोय," गोड आवाज तिलाही म्हणाला.

कापड सळसळलं, शिवण सरकली आणि कुर्ता अंगावर बेतल्यासारखा बसला.

म्हणजे मेल्याला येत होतं!

तिने दार सताड उघडलं. इंजेक्शनच्या रांगेत बायका बाह्या वर करून निमूट उभ्या होत्या.

"बाह्या खाली करा गं सगळ्या," ती ओरडली, "आणि इकडे या. इकडे कापड बदलतात!"