निळ्या ताटल्या

१९८७ सालची गोष्ट. आमच्या फ्रेंच खेड्यात गावजेवणाला ताटली आपापल्या घरून न्यायची असते. नव्याने राहायला आलेल्या इंग्रज म्यूरिएलला आमंत्रण द्यायला मी गेले होते. ताटलीचं मुद्दामच सांगितलं नाही.

ती रिकाम्या हाताने आली. माझी नणंद झोझेत म्हणाली, "मडमेला हातावर वाढू का गं?" सगळे हसले, मीही. काही न कळून म्यूरिएलही हसली. मग लगबगीने घरी गेली आणि टोपलीभर निळ्या ताटल्या घेऊन आली. मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली, "कमी पडल्या ना? घ्या, सगळ्यांना पुरतील!"

झोझेत आता वृद्धाश्रमात आहे, कुणाला ओळखत नाही. म्यूरिएलला आमच्याच चर्चमागे पुरलं. तिच्या ताटल्या माझ्याकडे आल्या. सोबत चिठ्ठी होती : "या गावात मला पहिल्यांदा जेवायला बोलावणारीला."